भिंतीवरचे बाबा

गाडी मिरजेहून सुटली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालले नाहीत. खांबाशी उभे राहिले. "पत्र टाक," म्हणाले. "फोन नको, जीव घाबरतो." आमच्या घरी फोन नव्हता. वरच्या मजल्यावरच्या जोशांकडे यायचा, आणि बहुधा कोणी गेल्याचाच.

नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. मुलगी दोन वर्षांची. गुडगावच्या नव्या सोसायटीत निम्मे फ्लॅट रिकामे. दुपारी लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की मी दाराची कडी तपासायचे. मग चित्रकलेचा क्लास लावला. मास्टरजींनी एका जुन्या चित्राची छापील प्रत समोर ठेवली: खुर्चीत बसलेला म्हातारा, सगळा राखाडी आणि मातकट. "रंग मत ढूँढो, बेटा. उजाला कहाँ है, अंधेरा कहाँ, बस." तोच म्हातारा पुन्हा पुन्हा काढला. चौथ्या खेपेला गालाखालची सावली चुकली आणि चेहरा बाबांचा झाला. "अब यही पूरा करो," मास्टरजी म्हणाले. आठवणीतून पूर्ण केला आणि हॉलच्या भिंतीवर टांगला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून देशपांडेकाकू आल्या. चित्रासमोर त्यांनी हात जोडले. "कधी गेले गं? कळवायचं नाही का?"

"आहेत, काकू. सांगलीला असतात."

"अगं बाई! मग भिंतीवर कशाला चढवलंस? उतरव आधी!"

आमच्याकडे भिंतीवर गेलेलीच माणसं असतात. हे मला माहीत होतं, तरी चुकले. बायका गेल्यावर चित्र उतरवलं आणि एसटीडी बूथ गाठला. जोशांचा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी जोशीकाकूंनी उचलला, "थांब हं" म्हणाल्या आणि रिसीव्हर बाजूला ठेवला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग चपला, खोकला.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. सहज केला."

"सहज? वेडी आहेस का? जिना चढताना तुम्हा तिघांची नावं घेतली मी, एकेक करून."

चित्राचं त्यांना कधीच सांगितलं नाही. ते त्यानंतर बरीच वर्षं जगले; तोवर चित्र कपाटामागे होतं. आता हॉलमध्ये आहे. सांगलीहून चुलतभावाचे फोन येतात, मोबाइलवर, कधीही. मी निवांत उचलते, जीव घाबरत नाही. एवढ्यावरूनच कळतं की तिकडे माझं घर उरलेलं नाही.