आँख नव्हे, अंख

नवरा गेल्यानंतर मी मनगटावर अंख गोंदवून घ्यायचं ठरवलं. अंख म्हणजे इजिप्तच्या जुन्या लोकांचं चिन्ह, क्रॉससारखं, फक्त वरच्या टोकाला लांबट कडं. अर्थ, आयुष्य. मोबाइलवर वाचलं आणि मनात भरलं.

द्वारका चौकाजवळच्या टॅटूवाल्याला म्हटलं, “इजिप्तचा अंख काढ.” तो हिंदी बोलणारा. “आँख? हो जाएगा, आंटी.” सुईच्या भीतीने मी तोंड फिरवून बसले. झाल्यावर बघते तर मनगटावर काजळ घातलेला टपोरा डोळा! मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो म्हणाला, “ये भी इजिप्त का ही है, आंटी. रक्षा करता है, आप पे नज़र रखेगा.” आता गोंदलेलं काय पुसता येतंय? तणतणत घरी आले.

डॉक्टरांनी मला साखर बंद केलीय. नवरा होता तेव्हा मी चहा टाकला की तो ओट्याशी येऊन उभा राहायचा, डब्यावर डोळा ठेवून. काय चिडायचे मी! तो गेल्यापासून दोन चमचे घातले काय नि चार घातले काय, विचारणारं कोणी नाही.

हल्ली साखरेच्या डब्यात चमचा घालण्याआधी मी कुर्त्याची बाही मनगटावर ओढून घेते. घरात कोणापासून तरी काही लपवावं लागतंय, एवढ्यानेही बरं वाटतं.