वास घेणाऱ्या यंत्राला घर मिळेना

हे किस्से इतक्यांदा सांगून झालेत, की कुठला जसाच्या तसा घडला आणि कुठला सांगता सांगता सुधारला, याची आता मलाच खात्री नाही. निवृत्तीनंतर मी, माझा जुना विद्यार्थी श्रीरंग आणि त्याची बायको नीलिमा, अशा तिघांनी पनवेलमध्ये स्टार्टअप काढला. वायुगळती झाली की कोकलणारं यंत्र! गुंतवणूकदार कोणी नव्हता, म्हणून घर आणि ऑफिस एकाच भाड्यात. नीलिमाने सुरुवातीलाच बजावलं, "होळीपर्यंत एक तरी मशीन विका. नाहीतर मी बंगलोरची नोकरी घेते, आणि श्रीरंग माझ्याबरोबर येतो." श्रीरंगने मान डोलावली. कोणाच्या बाजूने, ते मला कळलं नाही.

*

पहिलं घर खांदा कॉलनीत. वरच्या मजल्यावर फोडणी पडली की आमचं यंत्र कोकलायचं. सोसायटीचे सेक्रेटरी आले. "प्रोफेसर, तुमचं मशीन माझ्या मिसेसच्या आमटीला गळती म्हणतं. तिने स्वयंपाकच बंद केलाय."

मी घाबरून माफी मागितली.

"माफी राहू द्या. तुमचा डबा कुठून येतो, तेवढं सांगा."

*

मग तळोजा. भाडं कमी, कारखाने दारात. पण तिथे यंत्र गप्पच होईना. आठवडाभर आम्ही ते खोलून पुन्हा जोडत होतो. मला तर माझ्या पीएचडीचीच शंका यायला लागली. शेवटी घरमालक डोकावले. श्रीरंग म्हणाला, "मशीन बिघडलंय, सारखं वाजतंय."

त्यांनी नाक वर करून हुंगलं. "बिघडलं नाही. दुसरी शिफ्ट सुरू झाली."

नीलिमाने त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या.

*

ओवे गावातल्या घरमालकांनी, बामाकाकांनी, एकच प्रश्न विचारला. "तुमी तिघं एकमेकांचे कोन?"

"पार्टनर," मी म्हणालो.

"धंदा नाय इचारला, सर. नातं सांगा."

"सासरे आहेत माझे," श्रीरंग पटकन म्हणाला. तेव्हापासून नीलिमा मला चारचौघांत बाबा म्हणायला लागली, आणि घरात बापावर ओरडतात तशी ओरडायलाही.

*

होळी तोंडावर आली. एका कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर मशीन बघायला येणार होते, आणि नेमकी त्याच दिवशी बामाकाकांच्या मुलीची हळद. मांडवातल्या बायकांनी आम्हालाही पिवळंधमक करून टाकलं. दुपारी एक सफारीवाले गृहस्थ दारात आले. श्रीरंगने त्यांना खुर्चीत बसवलं, मी अमोनियावर लांबलचक व्याख्यान दिलं. ते वाक्यावाक्याला हात जोडत होते. मला शंका आली, पण मला शंका कशाचीही येते.

शेवटी ते म्हणाले, "दोन बसवा. माजा बर्फाचा कारखाना हाय."

नीलिमाने बंगलोरला नकार कळवून टाकला.

संध्याकाळी सेफ्टी ऑफिसरचा फोन आला, "आज जमलं नाही, सॉरी." मग सफारीवाले कोण? नवरीचे मामा, असं बामाकाकांकडून कळलं. पण हळदीला आलेल्या माणसाने दोन मशीन का घ्यावीत, हे काही केल्या उलगडेना. बऱ्याच वर्षांनी एका बारशाला मामा भेटले, तेव्हा विचारूनच टाकलं.

"तुमी तिघं पिवळे होऊन दारात उभे," मामा म्हणाले. "मला वाटलं, नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेली मानसं. मुलाकडच्यांना नाय कसं म्हनायचं?"