उल्कांची वजनं

आमच्या कर्वेनगरच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. तो हलवायचा नाही की बदलायचा नाही, कारण सरांचा उल्कांचा डेटाबेस फक्त त्याच्यावरच चालतो. सर म्हणजे आमच्या कॉलेजातले भूशास्त्राचे माजी विभागप्रमुख. आकाशातून पडलेला कुठला दगड कुठे सापडला, कोणत्या जातीचा, वजन किती, हे त्यांनी आयुष्यभर कार्डांवर लिहिलं, मग कॉम्प्युटरवर चढवलं, आणि मी निवृत्त झाले तेव्हा ते धूड माझ्या गळ्यात घातलं. "बाई, तुमच्याशिवाय कोण बघणार?" मी पाघळले.

मुलगा बंगळुरूला. नातीचे पहिले शब्द मी फोनवर ऐकले. "आई, तो डबा कुणाला तरी देऊन टाक आणि ये," तो म्हणायचा. मीही ठरवलं होतं. कॉलेज डेटाबेस ठेवून घ्यायला तयार होतं. नोंदी एकदा नीट लावायच्या, त्यांच्या हवाली करायच्या आणि सुटायचं.

त्या घाईनेच घात केला. वजनाप्रमाणे यादी हवी म्हणून सगळ्या नोंदी तक्त्यात घेतल्या, क्रम लावताना वजनाचा एकच रकाना निवडला आणि तेच पुन्हा डेटाबेसात भरलं. नावं जागच्या जागी राहिली, वजनं सगळी इकडची तिकडे. दोन महिन्यांनी वाटाण्याएवढ्या दगडापुढे चाळीस किलो दिसले तेव्हा चूक कळली. बॅकअप होता. पण मी पडले शिस्तीची, रोज संध्याकाळी एकाच पेनड्राइव्हवर जुना पुसून नवा घ्यायचे. चूकसुद्धा रोज जपून ठेवली होती.

खरी वजनं आता फक्त सरांच्या कार्डांवर होती, शनिवार पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मग दर गुरुवारी चार वाजता मी "सहज आले होते" म्हणत जायला लागले. सर एकटेच असत. ते चहा करायला आत गेले की मी कार्डांचा खोका उघडून वजनं वहीत उतरवायची. चहाला दहा मिनिटं लागत, तेवढ्यात पंधरा-वीस कार्डं व्हायची. घरी येऊन ती भरायची आणि पुढच्या गुरुवारची वाट बघायची. असं दीड वर्ष चाललं. त्या काळात मी दोनदा तिकीट काढून रद्द केलं. स्वतःची लाज वाटायची, आणि काही दोष नसताना सरांचा रागही यायचा. जिने तर मोजूनच चढायचे.

शेवटचं कार्ड झालं, त्या गुरुवारी रविवारचं तिकीट पर्समध्ये होतं. सर चहा घेऊन बाहेर आले आणि मी सगळं सांगून टाकलं. रकाना, पेनड्राइव्ह, वही, सगळं.

सरांनी चहा बशीत ओतला. "माहीत आहे. आपण कार्डं मागेपुढे करून ठेवता. मी शुक्रवारी लावून घेतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आपण खोका घरी नेला असता. एका आठवड्याचं काम."

मला संताप आला. दोन कप चहाला दहा मिनिटं लागत नाहीत, हे इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही? दीड वर्ष गेलं होतं माझं. नात शाळेत जायला लागली होती.

"गाडी कधीची?" सरांनी विचारलं.

"रविवारची."

"बरं." त्यांनी रिकामे कप उचलले. "मग गुरुवारी दूध कमी टाकायला सांगतो."

खाली येऊन मी मुलाला फोन केला आणि तिकीट रविवारऐवजी पुढच्या शुक्रवारचं होईल का, ते विचारलं. तो म्हणाला, "आई, कुठल्या शुक्रवारचं?"