भोंगा पाण्याचा की विमानांचा

मुलांनो, आपला गच्चीवरचा भोंगा वाचला! हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट क्रमाने लिहिता येईल.

मागच्या खेपेला ज्या लोखंडी धुडावर तुम्ही ओले टॉवेल वाळत टाकत होतात, तोच हा भोंगा. फार पूर्वीच्या लढाईच्या वेळी, शत्रूची विमानं आलीच तर लोकांना सावध करायला तो बसवला होता. त्या दिवसांच्या आणखी दोन खुणा आपल्या क्वार्टर्समध्ये अजून आहेत. एक म्हणजे जिन्यातल्या काचांना फासलेला काळा रंग, आणि दुसरी जिन्याखाली टांगलेल्या लाल बादल्या. आग विझवायची त्यांतली वाळू बायकांनी शेंगदाणे भाजायला केव्हाच नेली.

विमानं कधी आली नाहीत. पाणी येतं, पण त्याचा काही नेम नाही, आणि ते वरच्या मजल्यांवर चढत नाही. खालच्या नळाला धार लागली की तळमजल्यावरची वहिनी मला हाक मारते आणि मी भोंग्याचं हँडल फिरवते. मग मागच्या इमारतीतलेही सगळे हंडे-कळशा घेऊन खाली येतात. ही वहिनी धुळ्याकडची. तिचा नवरा सायली गावातल्या कारखान्यात आहे.

यंदा इमारतींना रंग द्यायचं ठरलं आणि गच्चीवरचं सगळं जुनं लोखंड भंगारात काढायचा हुकूम आला. त्यात भोंगाही होता. मला जेवण गोड लागेना. तेवढ्यात गावभर हवाई हल्ल्याची मॉक ड्रिल होणार असल्याचं कळलं. पाहणीला आलेल्या साहेबांना मी गाठलं आणि भोंगा दाखवला. ते म्हणाले, ड्रिलच्या दिवशी वाजवून बघू. कामाचा निघाला तर राहील, नाहीतर रंगारी यायच्या आत उचलू.

मी शिलाई मशीनचं तेल घातलं, गंज घासून काढला. मग घरोघर जाऊन सांगितलं, की ड्रिलच्या दिवशी भोंगा झाला की सगळ्यांनी घरात जायचं, खिडकीपासून लांब बसायचं. इतकी वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे मी प्रत्येकाकडून ते परत म्हणवूनही घेतलं. वहिनीने तर दोनदा म्हणून दाखवलं.

ठरलेल्या दुपारी साहेब खाली उभे राहिले, मी वर. त्यांनी हात केला. मी पदर खोचला आणि हँडल फिरवलं. भोंगा आधी कण्हला, मग असा काही चढला की टाकीवरची कबुतरं उडाली. इतका खणखणीत तो कधीच वाजला नव्हता! मी आनंदाने खाली वाकून पाहिलं.

सगळी दारं उघडत होती. हंडे, कळशा, प्लास्टिकचे ड्रम घेऊन माणसं धावत बाहेर येत होती. सर्वांत पुढे वहिनी. साहेबांना वळसा घालून ती नळापाशी पोचली आणि तिने वर पाहिलं.

"टीचरबाई, पाणी कुठंय व माय?"

मी धापा टाकत खाली उतरले. भोंगा गेला, असंच मनात होतं. साहेब वहिनीला विचारत होते, "बेन, तुम्हाला घरात बसायला सांगितलं होतं ना?"

"घरात बसल्यावर पाणी कोण भरील, साहेब?"

घोळक्यात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. तिला ऐकू कसं आलं, ते त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मिक्सर चालू होता तरी ऐकू आलं. मागच्या इमारतीतल्यांनीही हेच सांगितलं. मग साहेबांनी दुसरा प्रश्न केला, की थोडं आधी मोठ्या ऑफिसवरचा विजेचा भोंगा झाला, तो कोणी ऐकला? कोणीच ऐकला नव्हता.

साहेबांनी गच्चीकडे बघितलं. "हा राहील," ते म्हणाले. "पण आजपासून पाण्यासाठी वाजवायचा नाही."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नळाखाली नंबर लावून ठेवलेली पहिली बादली माझीच होती, आणि ती त्यांच्या पायाशीच होती.

आता भोंग्यावर रंगाऱ्याने लाल रंग दिलाय आणि मी त्यावर जुनी चादर बांधलीय. वहिनीने जिन्याखालची एक रिकामी लाल बादली नळाशेजारी टांगलीय. पाणी आलं की ती लाटण्याने बादली बडवते. आज सकाळी तो ठणठणाट ऐकून मी दूध गॅसवर तसंच टाकून जिना उतरले. खाली पोचेपर्यंत रांग फाटकाशी गेली होती.