आधीच मानलेले आभार

माझ्या सासूबाईंचा देवावरचा विश्वास इतका जबर होता, की त्यापायी मी एकदा विधवा होता होता वाचले. हे वाचून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चौघी नाकं मुरडतील. मुरडू देत! त्या दिवसांत त्या चौघीही आमच्याकडे पुऱ्या खाऊन गेल्या होत्या.

साल चौतीस-पस्तीसचं असेल. नाशकात आमच्या ख्रिस्ती वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. हे शाळेत मास्तर. श्रावणाच्या सुरुवातीला यांना ताप आला तो उतरेचना. डॉक्टर गावातून सायकलवर आले, जीभ पाहिली, पोट चाचपलं आणि म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस. पोटात घट्ट काही जाता कामा नये. ताकाची निवळ द्या, मोसंबीचा रस द्या. पोळी-भाताचा कण जरी गेला तरी आतडं फाटेल." मी एक दिवसाआड येतो, असं म्हणाले आणि तसे येतही होते. त्या काळी या तापावर औषध असं नव्हतंच. माणसाला सांभाळायचं आणि वाट बघायची.

मी सांभाळत होते. सासूबाई वाट बघत नव्हत्या. त्यांचा स्वभावच तो नव्हता.

नवव्या दिवशी रविवार होता. मी घरी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते आणि सासूबाई चर्चमध्ये उपासनेला गेल्या होत्या. तिथं साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायच्या वेळी, त्या उभ्या राहिल्या आणि भर देवळात म्हणाल्या, "माझ्या लेकाला प्रभूनं बरं केलं. बुधवारी आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा हाय. समद्यांनी यावं."

हे मला कळलं शेजारणीकडून. ती अभिनंदन करायला आली होती! आमच्यात दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी घरी उपकारस्तुती करतात, गाणी, प्रार्थना, मग खाणं. पण उठलेल्या माणसासाठी. इथं माणूस एकशेचार तापात पडलेला, कूस बदलायलाही मी लागायची. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

"आत्याबाई, अहो, ताप कुठं उतरलाय?" मी विचारलं.

"उतरंल की. मागितलं ना आपण? मग मिळालंच म्हणायचं. तुझा इस्वास नाय, तिथंच घोडं पेंड खातंय."

माझा विश्वास नव्हता असं नाही. मीही बाप्तिस्मा घेतलेल्या आईबापांची लेक. पण माझा विश्वास आधी थर्मामीटर बघायचा आणि मग बोलायचा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असलं मला कधी जमलं नाही.

बुधवारी पुऱ्या झाल्या. बटाट्याची भाजी झाली. बाहेरच्या खोलीत पेटी, तबला, झांजा आणि पंचवीस माणसं. आतल्या खोलीत हे डोळे मिटून पडलेले, झांज वाजली की दचकायचे. कुणी विचारलं की सासूबाई सांगत, "निजलाय. अशक्तपणा हाय जरा." पाळकसाहेबांनी तर यांचं जणू पुनरुत्थानच झालं, असं लांबलचक भाषण केलं. मी मधल्या दारात उभी राहून पहारा देत होते. तरी एक आजीबाई माझ्या काखेखालून आत शिरल्याच. बघते तर यांच्या ओठांशी पुरीचा तुकडा! मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. मंडळी निघाली तेव्हा सगळ्यांना हसून सलाम करावा लागला, याचा मला आजही राग आहे.

गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. शनिवारीही नाहीत. सोबत बसायला रोज कुणी ना कुणी बाई यायची, तीही बंद झाली. बऱ्या झालेल्या माणसाच्या उशाशी कोण बसणार? मी एकटी किती पुरणार? दोन मिनिटं डोळा लागला की दचकून उठायची. सोमवारी सकाळी हे बडबडायला लागले. मला ओळखेनात. वर्गातल्या मुलांना ओरडत होते, आणि हातानं अंथरुणावरचं काहीतरी वेचत होते.

मी चपला सरकवल्या आणि नाक्यावर गेले. टांगा नाही. श्रावणी सोमवार ना! झाडून सगळे टांगे त्र्यंबकेश्वराला गेलेले. मग चालत सुटले, चिखलातून, पदर कंबरेला खोचून, थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात. मला बघून ते खुर्चीतून हसत उठले.

"या या! काय म्हणतात मास्तर? हिंडूफिरू लागले का?"

"हिंडूफिरू? डॉक्टर, ते वातात गेलेत! तुम्ही चार दिवस फिरकला का नाहीत?"

त्यांचं हसू गेलं. "अहो, तुमच्या सासूबाईंनीच माझ्याकडे पुऱ्या पाठवल्या ना? पोरगा उठला, तुमचे उपकार, असा निरोपही आला. म्हटलं, माझंच निदान चुकलं असेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं काय करणार? डॉक्टर सायकल घेऊन पुढं गेले, मी मागून चालत पोचले. त्यांनी नाडी बघितली, सुई टोचली, आणि हात धुताना म्हणाले, "एकविसावा दिवस येऊ दे. तोवर जपा. बाकी माझ्या हातात नाही."

ते गेल्यावर मी सासूबाईंवर तुटून पडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "तुमच्या विश्वासानं माझा नवरा मारायला काढलाय! तुम्हाला कुणी येऊन सांगितलं होतं, तो बरा होणार म्हणून?"

त्या चुलीपाशी बसल्या होत्या.  म्हणाल्या, "कुणी नाय सांगितलं."

"मग?"

"याच्या आधीचे दोन असेच तापात गेले, पोरी. दोघांच्या टायमाला मी लय भीक मागितली. पदर पसरला. नाय दिले. म्हटलं, या खेपेला आधीच आभार मानून टाकू, चारचौघांत. समद्या मंडळीदेखत आभार घेतल्यावर माघारी कसा नेईल? देवालाबी थोडी लाज आसंलच की."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. डॉक्टरांना पुऱ्या पाठवल्या त्याला काही माफी नव्हती. पण मी त्यांच्या शेजारी चुलीपाशी बसले. त्या दोन मुलांबद्दल आमच्या घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढचे चार दिवस आम्ही आळीपाळीनं उशाशी बसलो. मी प्रार्थना सोडलीच होती. कुणाशी बोलायचं, त्याच्याशी? माझं त्याच्याशी पटत नव्हतं. सासूबाईंचीही प्रार्थना नाही. गाणं नाही, वचन नाही.

शुक्रवारी दुपारी यांना दरदरून घाम सुटला. मी थर्मामीटर लावला. पारा अठ्ठ्याण्णवावर. झटकून पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णवच. यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं, माझं नाव घेऊन.

"उतरला, आत्याबाई," मी म्हटलं.

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितला."

"अगं, पुन्हा बघ म्हणते ना!" त्या खेकसल्या. मी तिसऱ्यांदा लावला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी यांच्या कपाळावर तळवा ठेवला, मग गळ्यावर, मग पायांवर, आणि तिथंच पायांशी मटकन खाली बसल्या. हात जोडले. 

"तू म्हण," त्या मला म्हणाल्या. "माझं समदं आधीच म्हणून झालं."

मीही गुडघे टेकले. डोळे मिटले. एकवीस दिवसांचं जागरण, झांजा, पुऱ्या, चिखल, सगळं एकदम आठवलं.

"प्रभू," मी म्हटलं, "इतका उशीर? अरे, किती छळशील माणसाला!"



"आमेन," सासूबाई म्हणाल्या. चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या.