गल्याथाचा सदरा

गल्याथाच्या मापाचा सदरा शिवून तयार ठेवणारा शिंपी पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता. गल्याथ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बायबलच्या जुन्या करारातला हा पलिष्टी योद्धा. मेंढरं राखणाऱ्या दावीदाने गोफणीच्या एका गोट्याने त्याला लोळवला. उंची सहा हात एक वीत. बाकीचे लोक ही उंची वाचतात आणि पुढे जातात. दादा तिथे थांबले. त्यांचं म्हणणं असं, की गोष्ट रचणारा माणूस ‘ताडमाड’ म्हणतो आणि सुटतो. वरची एक वीत तोच लिहितो, ज्याने माप पाहिलेलं असतं.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. गळ्यातली टेप ते झोपतानाच काढत असावेत, आणि त्याचीही मला खात्री नाही. शास्त्रात जिथे जिथे आकडा येई तिथे ती टेप पोचायची. महापुरात तरलेलं नोहाचं तीनशे हातांचं तारू त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजायला घेतलं होतं, पण शंभराव्या हातालाच कुंपणाची भिंत लागली आणि वॉचमनने चौकशी सुरू केली. योना माशाच्या पोटात तीन दिवस राहिला हे पटवण्यासाठी ते वारज्याच्या बाजारात टेप घेऊन गेले आणि सगळ्यांत मोठ्या माशाचा जबडा उघडून घसा मोजू लागले. मासेवालीने थोडा वेळ बघून विचारलं, “काका, खायचा हाय का शिवायचा हाय?” हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, बाई हुशार होती, पण मासा लहान होता.

त्यांचा खरा झगडा होता तो ‘प्रतीक’ या शब्दाशी. आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण पाळकसाहेब नव्याने आले होते. पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं, की गल्याथ म्हणजे आपल्या आयुष्यातल्या अडचणी. भक्ती संपल्यावर दादा दारात उभे राहिले, हात मिळवला आणि फार अदबीने म्हणाले, “साहेब, अडचणीची छाती किती असते? मला कापड घ्यायचंय.” पुढच्या दोन रविवारी चहाच्या वेळी त्यांनी मंडळीतल्या झाडून सगळ्या पुरुषांचे हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजले, सरासरी काढली, अकरा मीटर मांजरपाट आणलं आणि नडगीपर्यंत येणारा सदरा शिवून दुकानात टांगला. शिलाईत दोन बोटं माया ठेवली होती. न जाणो, पलिष्ट्यांचा हात आपल्यापेक्षा मोठा असला तर. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा पँट आखूड करायला आला होता, तो सदऱ्याकडे बघून म्हणाला, काका, हे सगळं मिथ आहे. दादांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “तुमची पँट दोन इंच कमी करू, का मिथ म्हणून सोडून देऊ?”

इतक्या काटेकोर माणसाला एकच गोष्ट जमत नसे: कपडा सांगितलेल्या दिवशी देणं. नाताळचे कोट ईस्टरला मिळत. गिऱ्हाईक चिडलं की ते म्हणत, प्रभूही येतो म्हणालाय, तारीख दिलेली नाही; पण येणार म्हणजे येणार. स्वतःच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, लग्नातला ब्लाउज त्यांनी वरात दारात आल्यावर दिला होता आणि तिने ते त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. रूपक, प्रतीक, दृष्टान्त हे माझ्या पोटापाण्याचे शब्द. मीही चर्चला जातो, प्रार्थना करतो, पण जुन्या कथा शब्दशः घ्यायच्या नसतात अशी माझी समजूत होती आणि ती मी दर रविवारी जेवताना दादांना समजावून सांगत असे. ते म्हणत, प्रोफेसर, मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. प्रतीकाला भूक लागते का? मग मी बोलायचो, मग ते बोलायचे, आणि रस्सा गार व्हायचा. माझी बायको वाढता वाढता म्हणायची, “आधी जेवा दोघं. गल्याथ मेलाय, तो थांबेल.”

मग ती आजारी पडली. सहा महिन्यांत निम्मी झाली. एका दुपारी मी तिच्या उशाशी वाचत बसलो होतो. तिने विचारलं, “अहो, दादा म्हणतो तसं, प्रभू आला की खरंच उठायचं असतं ना आपण? शरीरासकट?”

मी पुस्तक मिटलं, विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणालो, “एका अर्थी, हो.”

ती म्हणाली, “मला एका अर्थी नको.”

याला उत्तर द्यायला मला पुष्कळ दिवस मिळाले होते. मी दिलं नाही.

त्याच आठवड्यात तिने दादांना बोलावून घेतलं, कपाटातल्या पांढऱ्या साडीवरचं ब्लाउजपीस त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “दादा, या वेळी तरी वेळेवर दे.” ते हसले. ती पण हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा ब्लाउज घेऊन हजर. माझ्या आठवणीत त्यांनी वेळेआधी दिलेला तो एकच कपडा. मी घडी उलगडून पाहिली. तो तिच्या जुन्या मापाचा होता, धडधाकट होती तेव्हाच्या. त्यांनी वेगळं माप घेतलंच नव्हतं. मी हळूच म्हणालो, दादा, हा तर फार सैल होईल.

“आज होईल,” ते म्हणाले. “उठेल तेव्हा बरोबर बसेल. आजारपणाची मापं मी वहीत लिहीत नाही.”

आवाज चढवला नव्हता. पण माझ्याकडे असे बघत होते, की पुढे बोललो असतो तर बहुधा गोफण काढली असती. ती गेली तेव्हा मंडळीतल्या बायकांनी तिला तोच ब्लाउज घातला आणि मागून टाचण्या लावल्या. पेटी बंद करण्याआधी दादा पुढे झाले आणि त्यांनी त्या टाचण्या एकेक करून काढल्या. टोचतील, म्हणाले.

त्यानंतर आमचा वाद बंद झाला. दादा अधूनमधून गल्याथाचा विषय काढून बघत, मी मान हलवत असे. ते माझ्या या गप्प बसण्यावर नाराज होते, हे मला आता कळतं. यंदा तेही गेले. दुकान रिकामं करताना भाच्याने विचारलं, मामा, एवढ्या सदऱ्याचं काय करायचं, आणि मी तो घरी आणला.

माझ्या शंका गेल्या आहेत असं मी म्हणणार नाही. वाचायची सवय असलेल्या माणसाच्या शंका सहज जात नाहीत. पण परवा तो सदरा धुतला आणि गॅलरीत वाळत घातला. एक बाही आमच्या कुंड्यांवर आली, एक शेजाऱ्यांच्या हद्दीत गेली, घेर खालच्या मजल्याच्या खिडकीवर उतरला. खालच्या बाई बाहेर आल्या.

“अहो काका, आमच्याकडे दिवे लावायची वेळ आली. कोणाचा आहे हा?”

“गल्याथाचा.”

“बायबलमधला? म्हणजे प्रतीक वगैरे ना?”

‘एका अर्थी’ हे शब्द ओठांवर आले होते. इतक्या वर्षांची सवय.

“नाही,” मी म्हणालो. “मापाचा आहे.”

“मग घेऊन जायला येणारेत का ते?”

“येणार म्हणजे येणार,” मी म्हणालो. “तारीख तेवढी दिलेली नाही.”

त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन खरोखरच दिवा लावला. मी घेर वर ओढून घेतला आणि तो ओला भार हातांवर धरून उभा राहिलो.