चार तासांत न निघालेला लीक

पेणला हायवेच्या कडेला माझं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रोह्याहून एक गृहस्थ आले. साठी उलटलेली. आखातात बावीस वर्षं इमारतींच्या एसीचं काम करून परत आलेले. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा पेणला डायलिसिस असायचं. तिला दवाखान्यात सोडलं की चार तास ते मोकळे, आणि तेवढ्यात गाडीचं काम व्हायला हवं.

"गार हवा येत नाय," ते म्हणाले. "काचा खाली घेता येत नायत. तिच्या मानेला नळी बसवलीय. डॉक्टर बोलला, धूळ लागू द्यायची नाय."

कासूच्या आसपास रस्त्याचं काम चाललं होतं. धुरळ्यात पुढची गाडी दिसत नसे.

मी गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं. गॅस जवळजवळ संपलेला. त्या दिवशी आणखी तीन गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून लीक न शोधताच मी गॅस भरून दिला.

"गॅस असाच संपत नाय भाऊ," चाचा म्हणाले. "कुठूनतरी जातो."

"जुनी गाडी आहे चाचा. थोडा कमी होतोच."

ही पळवाट आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

बाराव्या दिवशी ते परत आले. वाटेत निडी गावाच्या पुढे आल्यावर गार हवा बंद झाली होती. बंद काचांत त्यांची बायको घामाने भिजली, उलटी झाली, मग तिने मान टाकली. "मला वाटलं, गेली," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी बाकीची कामं बाजूला ठेवली. गॅस निसटतो तेव्हा सोबत थोडं तेलही बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. त्यामुळे प्रत्येक जोड बोटाने चाचपून पाहिला, मग सगळीकडे साबणाचा फेस लावला. गॅस भरायच्या व्हॉल्व्हवर एक बुडबुडा हळूहळू फुगला आणि फुटला. "मिळाला!" चाचा ओरडले. मी व्हॉल्व्हची पिन बदलली, नवा गॅस भरला, आणि पुढे शंका नको म्हणून त्यात लीक दाखवणारा रंगही सोडला.

तीन आठवड्यांनी गॅस पुन्हा कमी. तो रंग चमकवणाऱ्या निळ्या उजेडाच्या बॅटरीने मी सगळे पाइप पाहिले; कुठेच रंग नव्हता. शेवटी गाडीखाली आडवा झालो. एसीचं पाणी बाहेर पडतं त्या नळीच्या तोंडाशी हिरवट थेंब चमकत होता. म्हणजे लीक कूलिंग कॉइलला, डॅशबोर्डच्या आत.

"सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोन दिवस गाडी ठेवा."

"नाय जमणार. तिला कधी दम लागेल सांगता येत नाय. दारात गाडी पायजे."

माझी गाडी गॅरेजसमोरच उभी होती. ती घेऊन जा, हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. मी बोललो नाही.

मग सगळा मे महिना दर आठ-दहा दिवसांनी मी नुसता गॅस भरत राहिलो. एकदा वाटेतच गारवा गेला म्हणून चाचा तिलाही घेऊन आधी गॅरेजला आले. मी पंख्यासमोर खुर्ची दिली.

"तुमचे चाचा तिकडं लोकांची घरं गार करीत होते," ती हसून म्हणाली. मग जरा वेळाने, "मला आता नाय यायचंय रे बाबा. गाडीत बसायचं म्हटलं की त्या दिवसाची उलटी आठवते."

चाचा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जूनमध्ये मी कॉइल मागवून घेतली आणि फोन केला, "माझी गाडी न्या, तुमची ठेवून जा." ते आले, गाडी बदलून गेले. जुनी कॉइल काढून, हवेचा दाब देऊन पाण्यात धरली. कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. नवी कॉइल बसवली, जोडांतली रबरी रिंग न् रिंग बदलली. दिवसभर दाब ठेवून पाहिला, काटा तसूभर हलला नाही.

गाडी न्यायला चाचा आले तो तिच्या डायलिसिसचा वार होता. ते एकटेच होते.

"चाची?"

"येत नाय बोलते. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. पोरीनं समजावलं, डॉक्टरांचा फोन येतो. ती भिंतीकडं तोंड करून पडते."

ते आत बसले, एसी लावला, काचा वर घेतल्या. दहा मिनिटं तसेच बसून होते. मग काच थोडी खाली करून म्हणाले, "काम चांगलं केलंस." आणि गेले.

त्याच महिन्यात ती गेली. मी रोह्याला भेटायला गेलो तेव्हा गाडी अंगणात कापडाखाली झाकलेली होती.

"गाडीमुळं नाय गेली ती," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. "डोक्यात घेऊ नको."

मी मान हलवली. त्यांच्या मुलीने चहा आणला. मी तो संपवला. मग मी उठलो.